शाळेतली वाचन स्पर्धा: आपले, आपल्या पोरांचे अनुभव लिहा

उंबरझरा (धागा लेखिका)

नागपुरातल्या एका शाळेत मी पाचवी-सहावीला मराठी शिकवते. १५ ऑक्टोबर हा डॉ. कलामांचा जन्मदिवस २०१५ पासून राज्यभर वाचन प्रेरणा दिन म्हणून होतो, आणि तो कसा होतो हे शाळेशी संबंध असलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. फोटोला हार, दोन भाषणं, तासभर पोरं मांडीवर पुस्तक घेऊन बसलेली आणि शिक्षक त्यांचे फोटो काढण्यात गुंतलेले. यंदा मोठ्या बाई म्हणाल्या, या वेळी खरंच वाचायला लावा.

म्हणून चौथी ते सहावीसाठी संघांची स्पर्धा घेतली. अमेरिकेतल्या शाळांत ‘बॅटल ऑफ द बुक्स’ नावाने जी चालते तिचाच हा घरगुती अवतार. चार जणांचा संघ, दहा पुस्तकांची यादी. यादी शाळा उघडल्यावर लगेच दिली, सामना ऑक्टोबरात. एकट्याने दहाही वाचायची सक्ती नाही, संघाने मिळून संपवायची. सगळे प्रश्न एकाच घाटाचे: “कोणत्या पुस्तकात...?” उत्तरात पुस्तकाचं नाव आणि लेखकाचं नाव. अर्धा मिनिट आपसात कुजबुजायचं, बोलायचं मात्र कॅप्टननेच. चुकलं की प्रश्न समोरच्या संघाकडे.

एका फेरीत विचारलं, “कोणत्या पुस्तकात मुलगा भिजलेली वही चुलीजवळ वाळवतो?” पहिल्या संघाने बरोबर सांगितलं. तेवढ्यात समोरच्या संघातली, वर्गात कधी आपणहून हात वर न करणारी मुलगी उभी राहिली. “बाई, आणखी एका पुस्तकात आहे. डाव्या पानावर, खाली, चित्राच्या वर.” पुस्तक मागवलं. डाव्या पानावर, खाली, चित्राच्या वर वही वाळत होती. गुण दोन्ही संघांना दिले, आणि मग पुढच्या प्रत्येक प्रश्नाला “बाई, आमच्याही पुस्तकात आहे” सुरू झालं ते वेगळंच.

माझं मत विचाराल तर ही स्पर्धा बरी की वाईट हे प्रश्न काढणाऱ्यावर ठरतं. मामाच्या गावाचं नाव विचारलंत की पोरं गावांच्या नावांची यादी पाठ करून येतात. तुमच्याकडे काय झालं? पालक, शिक्षक, विद्यार्थी, आजी-आजोबा, कोणीही लिहा. शाळेचं नाव तेवढं टाळा.

खामल्याची आई

उंबरझरा, पाठांतराचं अगदी खरं. माझी लेक पाचवीत आहे. तिच्या शाळेतही असंच काहीसं झालं, पण तिथे स्पर्धा आयांनीच खेळली. व्हॉट्सॲप ग्रुप निघाला. प्रत्येकीने दोन पुस्तकं वाटून घेतली आणि त्यांच्या ‘नोट्स’ काढल्या: पात्रांची नावं, नाती, गावं, कुत्र्याचं नाव, शेवट. एका ताईंनी तर रंगीत तक्ता करून लॅमिनेट केला. पोरं शाळेच्या व्हॅनमध्ये त्या नोट्स घोकत जायची. माझ्या लेकीने चार पुस्तकं अख्खी वाचली होती, तिला शेवट आधीच कळला म्हणून ती माझ्यावर आठवडाभर फुगून होती.

जिंकला कोण? लॅमिनेशनवाला संघ. प्रश्नच तसे होते. तक्रार केली तर उत्तर आलं, “पालकांचा सहभाग चांगला आहे ना मॅडम.” काय बोलणार!

रिंगरोड

बक्षीस म्हणून संत्रा बर्फीचे डबे होते. स्टेजच्या मागे ठेवले होते. बक्षीस समारंभापर्यंत दोन डबे रिकामे. कोणत्या संघाने खाल्ले ते कोणत्याच पुस्तकात सापडलं नाही.

दोन शिक्षकी

मी हिंगणा तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत आहे. आमच्याकडे दहा पुस्तकांच्या चार-चार प्रती कुठून येणार? तरी घेतली स्पर्धा. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक नेटवर फुकट वाचता येतात. त्यातल्या निवडक गोष्टींच्या प्रिंट काढल्या. स्टोरीवीव्हर या मुलांच्या गोष्टींच्या फुकट साइटवर मराठी गोष्टी पातळीनुसार लावलेल्या आहेत, त्या शाळेच्या टीव्हीवर दाखवल्या. लाईट असली की.

अडचण वेगळीच होती. पाचवीतली काही पोरं दुसरीचा उतारा बोट ठेवून, अडखळत वाचतात. हे सगळ्यांना माहीत असतं, फक्त कागदावर येत नाही. अशांना स्पर्धेतून वगळलं तर ती आणखी मागे पडणार. आम्ही नियम केला की संघात एक तरी असा गडी हवाच, आणि संघातल्या बाकीच्यांनी त्याला गोष्ट मोठ्याने वाचून दाखवायची. मधल्या सुटीत कडुनिंबाखाली हे वाचन चालायचं. एक पोरगा मला येऊन म्हणाला, “सर, मायाकून वाचनं नाही होत, पण आयकलेलं सारं याद हाय. चालते ना?” म्हटलं, चालते.

सामन्यात त्याच्या संघाने उत्तर देण्याआधी तिघंही त्याच्या तोंडाकडे बघायचे. तो कॅप्टनच्या कानात सांगायचा. लेखकाचं नाव मात्र त्याला कधी आठवलं नाही. ते लक्षात ठेवण्याचं काम चौथीतल्या मुलीकडे दिलं होतं.

त्याला आता वाचता येतं का, असं कोणी विचारेल म्हणून सांगतो. जोडाक्षरांवर अजून अडतो. पण वहीत लपवून ‘किशोर’ची पानं घरी नेतो, ती परत आणत नाही.

राज्य सरकारच्या शाळांसाठीच्या महावाचन उत्सवातही आम्ही भाग घेतला होता. तिथे वाचलेल्या पुस्तकावर लिहून पोर्टलवर चढवावं लागलं. रेंजसाठी गच्चीवर जाऊन चढवलं. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

सहावी ब

मी सहावीत आहे. बाबांच्या आयडीवरून लिहून राहिलो. बाबा बाजूलाच बसले आहेत.

आमच्या यादीत फास्टर फेणेचं पुस्तक होतं. तो पुण्याच्या शाळेत शिकतो पण मूळचा फुरसुंगीचा आहे आणि तो ट्टॉक् करतो. आमचा कॅप्टन पण बजर दाबताना ट्टॉक् करायचा. सेमीफायनलला आमचा प्रश्न होता कोणत्या पुस्तकात वगैरे आणि उत्तर फास्टर फेणेच होतं. कॅप्टनने पुस्तकाचं नाव बरोबर सांगितलं आणि लेखक भा. रा. तांबे सांगितलं. तांबे कवी आहेत, आम्हाला त्यांची कविता आहे. लेखक भा. रा. भागवत आहेत. आम्ही त्याला मागून भागवत भागवत म्हणत होतो पण बाईंनी हळू बोलू नका म्हटलं. लेखकाचे दोन गुण गेले आणि आम्ही दोनच गुणांनी हरलो.

आता सगळे त्याला तांबे म्हणून राहिले. तो चिडत नाही. त्याने तांब्यांच्या कविता पण वाचल्या, म्हणजे त्याने तसं सांगितलं.

बाबा म्हणून राहिले की संपव आता.

महालातले आजोबा

वरची पोस्ट वाचून मजा आली. आमच्या वेळी वाचन स्पर्धा म्हणजे प्रकट वाचन. महालातल्या शाळेत मोठ्या हॉलमध्ये उभं करायचे, न वाचलेला उतारा हातात द्यायचे आणि खणखणीत वाचायला सांगायचे. उच्चार, विराम, आवाजाची चढउतार यांना गुण. अर्थ कळला का, हे कोणी विचारत नसे. मी ‘पानी’ म्हणालो म्हणून गुण कापले होते. घरी सगळेच पानी म्हणायचे! बाहेरगावचे परीक्षक होते, त्यांना आमचं सगळंच अशुद्ध वाटलं असणार.

त्याचा एक फायदा झाला हे कबूल. सरावासाठी म्हणून वडिलांनी सीताबर्डीच्या राजाराम वाचनालयाची वर्गणी भरली आणि मी सायकलवर तिथे जाऊ लागलो. सराव दोन दिवसांत सुटला, वाचनालय नोकरी लागेपर्यंत सुटलं नाही. आता नातीला सरळ वाचता येतं, पण मोठ्याने वाच म्हटलं की लाजते. तिच्या शाळेत कोणी मोठ्याने वाचून घेतच नाही. उंबरझरा, तुमच्या स्पर्धेत एखादी फेरी मोठ्याने वाचण्याची ठेवा. ण आणि न चे गुण कापू नका म्हणजे झालं.

कोराकागद

मी विरोधात लिहितोय, चालेल ना? मुलगा आपणहून वाचायचा. बाथरूममध्ये, जेवताना, कुठेही. चौथीत त्याला शाळेने संघात घेतलं आणि यादीतली पुस्तकं आली. त्यातलं एक त्याला अजिबात आवडलं नाही, रडकं होतं म्हणाला. पण सोडता येईना, कारण ते ‘त्याच्या वाट्याचं’ होतं. मी त्याला म्हटलं टाकून दे, तर म्हणाला संघ हरेल. पोळा, तान्हा पोळा, मारबत, गणपती सगळं बाजूला ठेवून ते पुस्तक ढकलत राहिला. स्पर्धा झाली आणि पुढे कित्येक महिने पुस्तकाला हात नाही. नावडलेलं पुस्तक अर्ध्यावर मिटण्याचा हक्क मोठ्यांना आहे, पोरांना का नाही?

उंबरझरा

कोराकागद, चालेल काय, हवंच होतं. आमच्याकडे अदलाबदल करता येत होती. पुस्तक नको झालं तर संघातल्या दुसऱ्याला द्यायचं आणि त्याचं आपण घ्यायचं. एक पुस्तक मात्र चारही जणांकडून फिरून परत आलं आणि कोणीच वाचलं नाही. तो संघ त्या प्रश्नाला हसत हसत “पास” म्हणाला. पुढच्या वर्षी ते पुस्तक यादीत नाही.

इंदोरा

यादीबद्दलच बोलायचं आहे. लेकीच्या शाळेने यादी दिली तेव्हा त्यातले सगळे नायक मुलगे, बहुतेक पुण्या-मुंबईचे, सुटीत मामाच्या वाड्यावर जाणारे. लेक म्हणाली, यात आपल्या घरासारखं घर कुठेच नाही. मी हसण्यावारी नेलं नाही. दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आम्ही दीक्षाभूमीवर जातो. तिथे स्मारक पाहायला आलेली माणसं परतताना पुस्तकांच्या पिशव्या घेऊन जातात, हे ज्याने बघितलं नाही त्याला सांगून पटत नाही. लांबलांबून रेल्वेने आलेली माणसं खाण्याच्या पैशातून पुस्तक घेतात. लहान मुलांची चित्रांची पुस्तकंसुद्धा तिथे स्वस्तात मिळतात. तिथून घेतलेलं बाबासाहेबांचं मुलांसाठीचं चरित्र लेकीने वर्गशिक्षिकेला नेऊन दाखवलं आणि विचारलं, हे यादीत घ्याल का?

बाईंनी ठेवून घेतलं. दोन दिवसांनी सांगितलं की घेऊ, पण प्रश्न तूच काढून आण. तिने प्रश्न काढले, आणि मग तिला त्या फेरीत खेळता येईना, कारण उत्तरं तिला माहीत! ती त्या दिवशी गुणलेखक झाली. फळ्यावर खडूने गुण लिहिताना एवढी ऐट की बस.

उंबरझरा

इंदोरा, हे फारच छान. मुलांकडून प्रश्न काढून घ्यायचं आम्ही केलं नव्हतं, पुढच्या वेळी एक फेरी तशी ठेवणार. लेकीला सांगा, तिची कल्पना उचलतेय. प्रश्न आधी दोघा-तिघांकडून तपासून घेणार आहे, म्हणजे वह्या दोन पुस्तकांत वाळल्या तरी आधीच कळेल. आजोबा, मोठ्याने वाचण्याची फेरीही घेते, परीक्षक म्हणून तुम्हीच या.

खामल्याची आई

एक साधा प्रश्न. बजर कुठून आणला? आमच्या शाळेत यंदा आम्हा पालकांवरच सोपवलंय. ऑनलाईन भारी महाग दाखवतंय.

दोन शिक्षकी

बजर कशाला ताई. पोषण आहाराची स्टीलची ताटली पालथी ठेवा आणि एक चमचा द्या. आवाज दोन वर्ग पलीकडे जातो, तेव्हा शेजारी गणिताची चाचणी नाही ना हे आधी विचारून घ्या.