डिस्क बदलली की आवाज का बदलतो?
भाऊ, व्हीसीडी दणदणीत वाजते आणि डीव्हीडी पुटपुटते, म्हणून तुम्ही प्लेअरवर संशय घेताय. पण तो बहुधा निर्दोष आहे. डीव्हीडीच्या डॉल्बी डिजिटल (आवाज साठवायची एक पद्धत) ट्रॅकमध्ये संवादांची सरासरी पातळी सांगणारा आकडा असतो, उणे १ ते उणे ३१ डेसिबल. उणे ३१ असेल तर आवाज जसाच्या तसा. उणे २७ असेल तर संवाद उणे ३१ वर आणायला प्लेअर ४ डेसिबलने उतरवतो. व्हीसीडीच्या एमपेग ऑडिओत ही भानगडच नाही, जसा भरला तसा आदळतो. शिवाय ५.१ चं, म्हणजे सहा स्पीकरच्या आवाजाचं, दोन स्पीकरचं स्टिरिओ करताना पातळी आणखी घसरते. प्लेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये डायनॅमिक रेंज कम्प्रेशन, म्हणजे मोठ्या आणि बारीक आवाजातला फरक कमी करणारी सोय, असेल तर चालू करा. नागपूरच्या मे महिन्यात, कूलरच्या घरघरीत, त्याशिवाय कुजबुजीचे संवाद काय ऐकू येणार राजेहो!