इंदूरचं ऑफिस हिरवं करायचं तर आधी डबे की आधी मीटर?

मीटरवाला :

२०१७ ते २०२३ सलग सात वर्षं स्वच्छ सर्वेक्षणात पहिला नंबर आला आणि इंदूरच्या ऑफिसांना एक सवय जडली. पर्यावरणाचा विषय निघाला की पहिली खरेदी कचऱ्याच्या रंगीत डब्यांची. डबे भिंतीशी ओळीने लागतात, फोटो निघतो, आणि त्याच भिंतीवरचा एसी अठरावर लावलेला, रिकाम्या हॉलला रात्री साडेआठपर्यंत गारठवत राहतो.

माझं म्हणणं सरळ आहे. ऑफिसातली खरी नासाडी डब्यात दिसत नाही, मीटरवर दिसते. साठ माणसांचं ऑफिस धरा. संध्याकाळी सातला लोक स्क्रीन बंद करून निघतात, सीपीयू चालूच. नुसता बसून राहिलेला सीपीयू ४० वॅट खातो असं धरलं तर सकाळी नऊपर्यंत अर्ध्या युनिटच्या वर जातं. साठ सीपीयू, पंचवीस रात्री, म्हणजे सुमारे ८४० युनिट. रविवार यात धरलेलेच नाहीत. युनिटला ८ रुपये लावले तर पावणेसात हजार रुपये महिना, कुणीही नसलेल्या ऑफिसचे.

यावर उपाय फुकट आहे : सर्व्हरवरून सगळ्यांना एकच पॉवर सेटिंग, स्क्रीन ५ मिनिटांत बंद, मशीन २० मिनिटांत स्लीप. पण हे आठवड्याभरात गुंडाळलं जातं, कारण घरून रिमोटने येणाऱ्याला मशीन झोपलेलं सापडतं आणि अँटिव्हायरसचा स्कॅन रात्री दोनला लावलेला असतो. रिमोटसाठी बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) वेक-ऑन-लॅन, म्हणजे नेटवर्कवरून मशीन जागं करण्याची सोय, चालू करा आणि विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू राहिलं तर शटडाउन केलेलं मशीन नेटवर्कच्या हाकेला बऱ्याचदा ओ देत नाही. स्कॅन दुपारी जेवणाच्या सुट्टीत लावा.

एसीचंही तेच. जानेवारी २०२० पासून स्टार लेबलचे रूम एसी चालू केल्यावर आपोआप २४ वर येतात. अठरा आपण करतो. ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या हिशेबाने एक अंश वर नेला की सुमारे सहा टक्के वीज वाचते. आणि साध्या (इन्व्हर्टर नसलेल्या) एसीत अठरा लावल्याने खोली लवकर गार होत नाही, कंप्रेसर थांबायचा मात्र विसरतो.

डबे नंतर घ्या.

खतमाती :

हिशेब बरोबर, निष्कर्ष चूक. डबे फोटोसाठी लागतात हे मान्य. पण म्हणून वर्गीकरण मागे ढकलायचं, तेही इंदूरमध्ये?

डबे फसतात त्याची कारणं वेगळी आहेत. प्रत्येक टेबलाखाली एक छोटा डबा असतो, त्यात केळ्याचं साल, चहाचा कप, छापील कागद आणि पेनाची रिफील एकत्र पडते. भिंतीजवळचे चार रंग मग शोभेचे. आधी टेबलाखालचे डबे उचला. एका मजल्यावर एकच ठिकाण ठेवा आणि ते पॅन्ट्रीच्या दाराशी असू द्या, कारण ओलं तिथेच निर्माण होतं. प्रिंटरशेजारी झाकण नसलेला खोका फक्त कोऱ्या-छापील कागदासाठी. निगमच्या (महापालिकेच्या) कचरागाडीत सहा भाग असतात : ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घातक आणि ई-कचरा. ऑफिसात घातक म्हणजे मुख्यतः फुटलेल्या ट्यूबलाइट आणि संपलेले सेल. मेलेले माउस ई-कचऱ्याच्या खोक्यात. हे महिन्याला मूठभर निघतं, त्यासाठी रोजचा डबा नको, झाकणाचा एक खोका पुरे.

खरी गळती संध्याकाळी होते. सफाईवाले काका सगळे डबे एकाच काळ्या पिशवीत उलटे करतात. यात त्यांची चूक नाही. त्यांना पिशवी एकच दिलेली असते आणि लिफ्ट एकदाच मिळते. त्यांना हँडलवाल्या दोन बादल्या द्या, एक ओल्याची, एक सुक्याची, ओल्यात पिशवी अजिबात नाही. आणि पॅन्ट्रीत पन्नास किलोचा लटकता वजनकाटा. रोज दोन आकडे भिंतीवर लिहायचे. ओल्याचा आकडा अचानक निम्मा झाला तर समजायचं की ते सुक्यात चाललंय.

साठ माणसांत ओलं दिवसाला साधारण तीन-चार किलो. ते गच्चीवर दोन जाळीच्या पिंपांत जिरवता येतं. ओल्याइतकाच, मापाने, सुका पालापाचोळा किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), आठवड्यातून दोनदा खालीवर.

जुनी_इंदूर :

खतमाती, इथे मात्र थांबा. गच्चीवरचं खत पुण्यात पटेल, इंदूरमध्ये ते हौसेचं काम आहे.

इंदूरच्या देवगुराडियाला १९ फेब्रुवारी २०२२ ला सुरू झालेला बायो-सीएनजीचा प्लँट दिवसाला ५५० टन ओला कचरा घेऊ शकतो. त्यातून गॅसही निघतो, खतही. तुमच्या पिंपातून फक्त खत, तेही जमलं तर. ऑफिसातल्या ओल्यात जेवणाच्या डब्यातली उरलेली भाजी, वरण, तेल, पोह्यांवरची शेव. तेलकट शिजलेलं अन्न तळाशी चिकटतं, हवा बंद होते, आंबूस वास सुटतो आणि तिसऱ्या दिवशी अळ्या. शनिवारी संध्याकाळपासून सोमवारी सकाळपर्यंत बघायला कुणी नसतं. पावसाळ्यात गच्चीवर झाकण उडालं की पिंपाचा काढा. मग शेजारच्या ऑफिसची तक्रार येते आणि संपूर्ण मोहिमेचं नाव खराब होतं.

गाडीत द्या भिया. मात्र स्वच्छ द्या. एक सॅशे, एक चमचा, एक रबरबँड गेला तरी पुढे कुणाला तरी तो हाताने नाहीतर यंत्राने उपसावा लागतो.

खतमाती :

शिजलेल्या अन्नाबद्दल मान्य, ते गाडीतच. पण चहाचा चोथा आणि फळांची सालं कशाला पाठवायची? ओल्या कचऱ्यात बहुतेक पाणीच असतं, ट्रकमध्ये बसून तेच फिरायला जातं. रोज शे-दीडशे चहा होत असतील तर चोथाच किलो-दीड किलो भरतो.

फक्त एक करा. आपला चहा दूध-साखर घालून उकळलेला असतो. चोथा तसाच कुंडीत टाकला की मुंग्या आणि वर पांढरी बुरशी. गाळणीतच दोनदा पाणी ओता, घट्ट पिळा, वर्तमानपत्रावर दोन दिवस पसरून वाळवा, मग मातीत मिसळा. वर थर देऊ नका, कडक पापुद्रा धरतो आणि पाणी खाली उतरत नाही.

खरेदी_विभाग :

खतमाती आणि जुनी_इंदूर, तुम्ही दोघंही बाहेर काय जातं ते मोजताय. आत काय येतं ते कोण बघणार?

कपांपासून सुरू करतो. साठ माणसं, तीन चहा, पंचवीस दिवस : ४५०० कागदी कप. कागद फक्त नावाला, आतून प्लास्टिकचं अस्तर असतं, म्हणून रद्दीवाला हातही लावत नाही. टपरीवाल्याला सांगून टाका की किटली आण, कप आणू नकोस. स्टीलचे ७० छोटे पेले घ्या, नावं कोरून नकोत. नावाचा पेला हरवला की माणूस परत कागदाकडे वळतो.

प्रिंटर : ड्रायव्हरमध्ये दोन्ही बाजूंची छपाई कायमची लावा, रंग बंद ठेवा. ७५ जीएसएमच्या ए-४ ची रिम २.३ किलोच्या आसपास भरते, महिन्याला वीस रिम घेणाऱ्या ऑफिसात हा फरक डोळ्यांना दिसतो. जुलैत दुहेरी छपाई अडकायला लागते आणि लोक सेटिंगला शिव्या देतात. दोष सेटिंगचा नसतो, उघड्या रिमचा असतो. दमट कागद पहिल्या बाजूच्या उष्णतेने वळतो आणि परत आत जाताना अडकतो. लागेल तेवढाच कागद ट्रेमध्ये, बाकी वेष्टणात बंद.

आणि सगळ्यात मोठी नासाडी सध्या संगणकांची चाललीय. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची मोफत देखभाल संपली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि साधारण आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा इंटेल प्रोसेसर लागतो, म्हणून धडधाकट मशीनं भंगारात निघतायत. सातव्या पिढीच्या मशीनमध्ये एसएसडी आणि ८ जीबी रॅम टाकून लिनक्स चढवलं तर ब्राउझर आणि ईमेलचं काम आरामात होतं. हिशेबाच्या सॉफ्टवेअरवाल्यांना नवं द्या, सगळ्यांना कशाला?

मीटरवाला :

पेल्यांबद्दल एक शंका. ते धुवायला नर्मदेचं पाणी लागतं ना? ते नर्मदाकाठच्या जलूदहून, सुमारे ७० किलोमीटरवरून, घाट चढवून आणावं लागतं. त्या पंपांच्या विजेसाठीच निगमने २०२३ मध्ये २४४ कोटींचे हरित रोखे काढले, जलूदला ६० मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारायला. कप वाचवून तुम्ही पंप चालवताय.

खरेदी_विभाग :

तुमच्याच भाषेत उत्तर देतो. चालू नळाखाली पेला धुतला तर अर्धा ते एक लिटर जातं, त्यामुळे नळाखाली धुवायचंच नाही. दोन टब : एकात दहा लिटर साबणाचं पाणी, दुसऱ्यात दहा लिटर साधं. साठ पेले वीस लिटरमध्ये निघतात, दिवसाचे साठ लिटर. हजार लिटरला तीन युनिट धरली तरी दिवसाला पाव युनिटसुद्धा होत नाही. तुमचा एक सीपीयू एका रात्रीत याच्या तिप्पट खातो.

दुसरा टब चाळीस पेल्यांनंतर दुधाळ दिसायला लागला तर बदला, तिथे काटकसर नको.

पाणी वाचवायचं असेल तर पिण्याचं पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्राकडे बघा. बरेच आरओ एक लिटर पाणी देताना दोन लिटर मोरीत सोडतात. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा, काही शे रुपयांचा टीडीएस पेन घ्या. टाकीच्या पाण्याचा आकडा ५०० च्या बराच आत असेल, तर आरओची गरज नाही, गाळणी आणि यूव्ही (जंतू मारणारा अतिनील दिवा) चालेल. मात्र पेनाला जंतू दिसत नाहीत, तेव्हा यूव्ही काढू नका, आणि पाणी वर्षातून एकदा लॅबकडून तपासून घ्या. बिल्डिंगच्या टाकीत उन्हाळ्यात बोअरचं किंवा टँकरचं पाणी मिसळतं, म्हणून पेन एप्रिल-मेमध्ये पुन्हा बुडवा.

तिसरा_मजला :

हे सगळं स्वतःच्या जागेत ठीक. भाड्याच्या ऑफिसात पश्चिमेची भिंत अख्खी काचेची, आतून फिल्म लावलेली. फिल्मने काच तापते आणि बरीच उष्णता आत येते. मालकाला बाहेरून जाळी किंवा छज्जा मागा तर दर्शनी भाग बिघडतो म्हणतो. एसीची आउटडोअर युनिटं एका अरुंद शाफ्टमध्ये एकावर एक. खालच्याची गरम हवा वरचा ओढतो. दुपारी तीनला चोविसावर ठेवून दाखवा मीटरवाले.

म्हणून मला खतमातींचं पटतं. डबे तरी भाडेकरूच्या हातात आहेत.

मीटरवाला :

भाडेकरूच्या हातातही बरंच असतं. फॉल्स सीलिंगमुळे छताचे पंखे गेले, त्यामुळे चोवीस असह्य वाटतं. भिंतीवरचे, कमी वीज खाणाऱ्या मोटरचे बीएलडीसी पंखे लावा, तीस वॅटच्या आसपास घेतात, जुना पंखा पंच्याहत्तर. हवा हलली की सव्वीसही चालतं. एसीची जाळी पंधरा दिवसांनी धुवा, इंदूरच्या धुळीत महिना फार झाला. शाफ्टमधल्या कॉइलवर तीन महिन्यांनी पाण्याचा फवारा, कॉइलची पातळ पाती वाकणार नाहीत इतक्या बेताने.

आणि शब-ए-मालवाचं, म्हणजे माळव्यातल्या गार रात्रीचं, नुसतं कौतुक करण्यापेक्षा तिचा उपयोग करा. मेमध्येही इथे पहाट दुपारपेक्षा बरीच गार असते. रखवालदाराने साडेसहाला दोन्ही बाजूंच्या खिडक्या उघडायच्या आणि पॅन्ट्रीचा एक्झॉस्ट चालू करायचा, साडेआठला बंद. भिंतींनी रात्रभर धरलेली उष्णता निघते. पावसाळ्यात हे करू नका, दमट हवा आत घेतली की एसीला तीच पिळत बसावी लागते.

सर्व्हर रूम अठरावर ठेवायची गरज नाही, सत्तावीसपर्यंत चालते.

तिसरा_मजला :

सर्व्हरला चालते, बॅटऱ्यांना नाही. बहुतेक ऑफिसांत यूपीएसच्या बॅटऱ्या त्याच खोलीत, रॅकच्या खाली असतात. शिशाची बॅटरी २५ अंशांना धरून बनवलेली असते. त्याच्या वर दर आठ-दहा अंशांना आयुष्य निम्मं. वाचवलेली वीज शिशाच्या रूपात परत द्यावी लागेल. त्या वेगळ्या, हवेशीर आणि गार खोलीत जाणार असतील तर सत्तावीस, नाहीतर पंचवीसच्या वर जाऊ नका. आणि जुन्या बॅटऱ्या नव्यांच्या बदल्यात विक्रेत्यालाच परत द्या, बिलावर नोंद करून. दारावरच्या भंगारवाल्याला नको, तो तेजाब नालीत ओततो.

मीटरवाला :

ही दुरुस्ती मान्य. पंचवीस.

खतमाती :

वजनकाट्याचं मी सांगितलं होतं. नासाडी मीटरवर दिसते असं तुम्हीच म्हणता, मग ती भिंतीवर लिहिता येईल असं काही आहे का? पूर्ण मजल्याचं बिल मालकाकडून दोन महिन्यांनी मिळतं, त्यावर कोण वागणूक बदलणार?

मीटरवाला :

आहे. मजल्याच्या डीबीवर (वीजवाटपाच्या पेटीवर) थ्री-फेज सबमीटर, क्लिपच्या सीटीवाला. सीटी म्हणजे तारेभोवती बसणारी, करंट मोजणारी कडी. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून, रविवारी मेन बंद करून. शक्य असेल तर एसी आणि प्लग पॉइंट वेगळे मोजा. सकाळी नऊला आणि संध्याकाळी सातला दोन आकडे, काट्याच्या आकड्यांशेजारीच लिहा. संध्याकाळी सात ते सकाळी नऊमधला फरक म्हणजे रात्रीची गळती.

बसवल्यावर एकदा क्लॅम्प मीटरने तिन्ही फेज पडताळून घ्या. एक सीटी उलटी बसली की ती फेज वजा धरली जाते आणि समान लोडवर आकडा जेमतेम एक तृतीयांश दिसतो. पहिल्याच महिन्यात वीज इतकी घटलेली दिसली तर पेढे वाटू नका, सीटीवरचा बाण बघा.