सहाशे पानांची कादंबरी आणि वाचनालयाचे १५ दिवस

पानखूण:
आमच्या वाचनालयात एका वेळी एक पुस्तक मिळतं, मुदत १५ दिवस. नोकरी सांभाळून जाडजूड कादंबरी कशी संपवावी? शिवाय हवी ती कायम 'बाहेर गेलीय'.

सांजवाचक:
आधी हिशेब करा. डेमी आकाराच्या (नेहमीच्या कादंबरीच्या) पानावर साधारण अडीचशे-पावणेतीनशे शब्द असतात. मिनिटाला दीडशे शब्द धरले तर एका पानाला पावणेदोन मिनिटं. ६०० पानांसाठी रोज ४० पानं, म्हणजे सत्तर मिनिटं. सकाळी १५ पानं, रात्री २५ असं तोडता येतं, पण पहिली पन्नासेक पानं सुट्टीच्या दिवशी सलग वाचा. पात्रं आणि त्यांची नाती डोक्यात बसली नाहीत तर सारखं मागे जावं लागतं, आणि दिवस तिथेच जातात. मुदतवाढ हवी असेल तर तारीख उलटायच्या आत सांगा. दुसऱ्या कुणी मागणी नोंदवली असेल तर ती मिळणं कठीण.

कपाट क्रमांक ७:
चिठ्ठीवर एकच नाव लिहून रांगेत उभं राहू नका. चार-पाच नावं पसंतीच्या क्रमाने, दाखल क्रमांकासकट (वाचनालयाने प्रत्येक प्रतीला दिलेला नोंदीचा आकडा) लिहा. एकाच कादंबरीच्या दोन-तीन प्रती असतील तर प्रत्येकीचा क्रमांक वेगळा असतो, सगळे टाका. आधी काउंटरवर नुकत्याच परत आलेल्या पुस्तकांचा ढीग चाळा, कपाटात जायच्या आत बरंच काही तिथेच सापडतं. दिवाळीनंतर सभासद अंकांवर तुटून पडतात, तेव्हा कादंबऱ्या निवांत मिळतात!

जुनी बांधणी:
घरी नेण्याआधी पानं तपासा. पुस्तकं बहुधा १६ पानांच्या फर्म्यांत (एकाच मोठ्या कागदावर छापून दुमडलेल्या पानांच्या जुडग्यांत) छापतात. पुन्हा बांधताना एखादा फर्मा गळतो, नाहीतर दोनदा लागतो. मग ९६ नंतर थेट ११३. म्हणून फर्मे जिथे जुळतात तिथले आकडे लागोपाठ आहेत का बघा. शेवटचं पानही पाहा (फक्त आहे का ते, वाचू नका). कडेने टाके घातलेलं पुस्तक पूर्ण उघडत नाही. दाबून सपाट केलं की पाठ सुटते. आधीच फाटलेलं असेल तर ग्रंथपालांना दाखवून नोंद करून घ्या, नाहीतर भरपाई तुमच्या अनामतीतून. सेलोटेप मात्र लावू नका, तिचा डिंक कागदात उतरून डाग पडतो.

पानखूण:
आभार. दोन खंडांची असेल तर?

कपाट क्रमांक ७:
दुसरा खंड जागेवर आहे का ते पाहूनच पहिला न्या. पहिला परत करतानाच दुसऱ्याची चिठ्ठी द्या.