तारेच्या रेकॉर्डिंगमध्ये सेकंदाला एक ‘टक’ येतो. कापू की ठेवू?

वेचणीवाली
आम्ही दोघं दारव्हा तालुक्यातले. कोरडवाहू शेती, आणि रात्री आवाजांचा नाद. हे आवाज धरून आणतात, मी जुन्या लॅपटॉपवर ऑडॅसिटीत (आवाज कापायचं-जोडायचं सॉफ्टवेअर) ते ऐकते, कापते, एकावर एक चढवते. मी याला वेचणीच म्हणते.

गेल्या आठवड्यात ह्यांनी धुऱ्यावरच्या काटेरी तारेला पिझो चकती लावली (कंपनाची वीज करणारी, बझरमधली, 27 मिलिमीटरची). वारा सुटला की तार आतून घुमते, बाहेर उभ्या माणसाला काही कळत नाही. तुरीचं एक झाड तारेला टेकलंय, त्याच्या वाळल्या शेंगांचा खुळखुळाटही आला.

पण आवाज पत्र्यासारखा पातळ. वर सेकंदाला एक टक! हे म्हणतात, “काढून टाक, घाण हाये.” मी तर त्या टकावरच 6 मिनिटांचा तुकडा बांधलाय. घरात दोन दिवस चहा न बोलता समोर येतोय.

आणि एक. आमचे आवाज ऐकवायच्या मागच्या कार्यक्रमात सगळे प्रश्न ह्यांनाच. मला एवढंच, “वहिनी, तुम्ही मदत करता का?”

सोल्डरबाबा
पातळपणाचं कारण सोपं. चकती कपॅसिटरसारखी वागते. रेकॉर्डरच्या माइकच्या तोंडाचा अडथळा काही हजार ओहमच असतो, त्यात खालचे सूर गळून जातात. मध्ये बॅटरीवरचा छोटा बफर बसवा, म्हणजे चकतीला जास्त अडथळा दाखवणारं सर्किट, निदान 1 मेगओहमचा. वायर आखूड आणि शील्डवाली (आतल्या तारेभोवती जाळी असलेली), चकतीची पितळी बाजू शील्डला. लॅपटॉपचा चार्जर काढून ठेवा. टक कशाचा ते मात्र कळलं नाही, मोबाइल जवळ होता का?

आर्वीकर
मोबाइल कायचा! ताई, शेजाऱ्यानं रानडुकरासाठी झटका मशीन लावलं असंन, कुंपणाच्या तारेत वीज सोडणारं. ते सेकंदा-सव्वासेकंदाला एक झटका सोडते. त्याची तार तुमच्या तारेशेजारून गेली की झालं. फक्त चालू तारेले चकती लावू नका, रेकॉर्डर जाईन.

जुनीटेप
वहिनींच्या शेवटच्या परिच्छेदासाठी. लुई आणि बेबी बॅरन, अमेरिकन नवराबायको. लग्नात भेट मिळालेल्या टेप रेकॉर्डरपासून सुरुवात. लुई सर्किटं बांधायचे. ती तापून जळून जायची, तो आवाज पुन्हा मिळायचा नाही, म्हणून सगळं टेपवर घ्यायचं. तासन्‌तास त्या टेपा ऐकून कामाचं काय ते बेबी निवडायच्या. 1956 च्या ‘फॉरबिडन प्लॅनेट’ या सिनेमाचे सगळे इलेक्ट्रॉनिक आवाज या दोघांचे. पडद्यावर त्याला ‘संगीत’ म्हणता आलं नाही, वादकांच्या संघटनेमुळे ‘इलेक्ट्रॉनिक टोनॅलिटीज’ लिहावं लागलं. पण नावं दोघांचीही होती. 1970 मध्ये घटस्फोट झाला, तरी 1989 मध्ये लुई वारेपर्यंत काम एकत्रच.

वेचणीवाली
आर्वीकर भाऊ, बरोबर! शेजारच्या काकांनी पंधरा दिवसांपूर्वीच मशीन बसवलं, सोलरवालं. संध्याकाळी चालू करतात, सकाळी बंद. काल दुपारी रेकॉर्ड केलं, टक नाही. तार नुसती घुमली, मला तर ते मिळमिळीतच वाटलं.

ह्यांनाही ऐकवलं. दोनदा ऐकले, मग म्हणे, “रात्रीचंच ठेव. पन डुक्कर आलं तं काय वाजते, तेबी घेऊ.”

बफर बांधायला घेतलाय. बॅरनबाईंचं ह्यांना वाचून दाखवलं, घटस्फोटाची ओळ सोडून. पुढच्या पत्रिकेवर माझं नाव आधी लिहायचं ठरलंय.