खुनी आधीच कळला तर थ्रिलर उरतो का?

गोदाकाठ

परवा कॉलेज रोडला चहा पिताना मित्राशी वाद झाला, तो अजून डोक्यातून जात नाही. त्याचं म्हणणं, थ्रिलर म्हणजे खुनी कोण ते शेवटपर्यंत कळता कामा नये. कळला की पिक्चर संपला. मला हे मुळातच पटत नाही. तो झाला रहस्यपट. थरारपट वेगळा.

हे नाशिककराला कुणी शिकवायला नको. गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला पूर येतो तेव्हा गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं ते सकाळीच गावभर झालेलं असतं. पाणी येणार, यात काडीचं रहस्य नाही. तरी होळकर पुलावर माणसं हलत नाहीत. पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, आता छातीला... 2019 च्या ऑगस्टमध्ये मी भांडी बाजाराच्या तोंडाशी उभा होतो. एक दुकानदार पाठमोरा, हातात पितळी पातेल्यांची चळत, माल वर चढवतोय. त्याच्या मागे पाणी पायरीवर आलेलं मला दिसत होतं, त्याला नाही. तेव्हा पोटात जो गोळा आला ना, तो थ्रिलर.

‘सायको’वाल्या हिचकॉकने फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोला 1962 च्या मुलाखतींमध्ये हेच समजावलं होतं. दोघं टेबलाशी गप्पा मारताहेत, खाली बॉम्ब आहे. प्रेक्षकाला माहीत नसेल तर स्फोट झाल्यावर पंधरा सेकंदांचा धक्का. माहीत असेल तर त्याच रटाळ गप्पा ऐकताना पंधरा मिनिटं जीव टांगणीला.

जुनी पंचवटी

पुराचं उदाहरण आवडलं, पण निष्कर्ष चुकीचा काढलात. राजा परांजप्यांचा ‘पाठलाग’ घ्या, 1964 चा. मेलेल्या बायकोच्याच चेहऱ्याची बाई वकील नवऱ्यापुढे आरोपी म्हणून उभी राहते आणि ‘मीच तुमची बायको’ म्हणते. ही बाई कोण, हे आधीच सांगून टाका आणि मग बघा काय उरतं. काशिनाथ घाणेकरांच्या चेहऱ्यावरची ती तगमग आपल्याला भिडते, कारण आपणही त्यांच्याइतकेच अंधारात असतो. राज खोसलांना त्यावरून 1966 मध्ये ‘मेरा साया’ करावासा वाटला, तो त्या कोड्यामुळेच. रहस्य हा थ्रिलरचा कणा आहे.

गोदाकाठ

कोडं आहेच, नाही कोण म्हणतंय? पण जीव अडकतो तो त्या नवऱ्यात. तिला खरी मानावं तर आपण अग्नी कुणाला दिला, खोटी मानावं तर आपल्याच बायकोला दारातून हाकललं. यातून तो कसा सुटणार, हा थरार. नुसतं ‘कोण?’ एवढंच असतं तर शब्दकोडं सोडवल्यासारखं झालं असतं.

आणि ‘तो मी नव्हेच’चं काय? लखोबा लोखंडे भामटा आहे हे पहिल्या अंकापासून माहीत असतं. मी शाळेत असताना कालिदास नाट्यगृहात या नाटकाचा प्रयोग पाहिला होता. दर साक्षीदाराला तो नाकारायचा तेव्हा हाताच्या मुठी वळायच्या. हा सुटतो की काय!

मेनरोड

माफ करा, पण ‘तो मी नव्हेच’ थ्रिलर? मग कोर्टातलं सगळंच थ्रिलर म्हणा. जीव टांगणीला लागला की थ्रिलर, अशी व्याख्या केली तर वर्ल्ड कपची फायनलही त्यात बसेल.

पंचवटीवाल्यांनाही सांगतो. ‘सामना’मध्ये मारुती कांबळेचं काय झालं हा प्रश्न अख्खा सिनेमा पाठ सोडत नाही. रहस्य आहे ना? पण त्याला कुणी थ्रिलर म्हणत नाही, कारण तो सत्तेबद्दल बोलतो, मास्तर आणि हिंदुरावबद्दल बोलतो. म्हणजे नुसतं रहस्यही पुरत नाही. माझ्या मते दोन गोष्टी लागतातच: माणसावर थेट संकट आणि हातातून निसटणारा वेळ. तुमच्या दुकानदाराकडेही वेळ नव्हता, म्हणूनच तर पोटात गोळा आला.

सातपूर सेकंड शिफ्ट

मी एवढा अभ्यास केलेला नाही. शिफ्ट सुटल्यावर रात्री एक पिक्चर बघतो. पण माझ्यासारख्या माणसावर वेळ आली तर थ्रिलर, एवढं मला कळतं. जेम्स बॉण्ड मरणार नाही हे मला ठाऊक असतं, म्हणून मी तो मजेत, जेवता जेवता बघतो. ‘दृश्यम’मधला चौथी नापास केबलवाला बघताना घास तोंडातच राहिला होता. मला दोन मुली आहेत.

जुनी पंचवटी

‘दृश्यम’ बरा आठवला. निशिकांत कामतांनी हिंदीत केलेला, 2015 चा. (न पाहिलेल्यांनी हा परिच्छेद सोडावा.) गोदाकाठ, तिथे सगळं आपल्या डोळ्यांसमोर घडतं, तुमच्या बाजूनेच आहे ना? पण खड्डा उकरतात तेव्हा आपणही पोलिसांइतकेच चकतो. दिग्दर्शकाने एक गोष्ट आपल्यापासूनही लपवलेली असते. तेवढी काढून टाका, शेवट कोसळतो.

गोदाकाठ

हे मान्य. खड्डा उकरेपर्यंतचा थरार माहीत असण्याचा आहे आणि उकरल्यानंतरचा माहीत नसण्याचा. दोन्ही एकाच प्रसंगात, आणि मी इतके दिवस पहिलाच धरून बसलो होतो.

तरी एक सांगतो, कारण याचं उत्तर रहस्याने मिळत नाही. ‘सायको’मध्ये खून झालेल्या मुलीची गाडी दलदलीत ढकलतात. ती बुडता बुडता मध्येच थांबते. दोन-तीन सेकंदच. आणि मी मनात म्हणतो, बुड, बुड लवकर! खून लपवणाऱ्याच्या बाजूने मी कधी गेलो ते मलाच कळलेलं नसतं. मेनरोड, तुमच्या ‘माणसावर थेट संकट’मध्ये हे बसवून दाखवा. संकट कुणावर आहे तिथे?

मेनरोड

त्या माणसावरच. आपल्याला तो आवडावा की नाही, हा प्रश्न वेगळा. पण आपण त्याच्या जागी जाऊन बसतो, हे मी लिहायला हवं होतं. ते राहिलं.