अनुभव धागा : 'ड्रेड' पाहिलाय? काय जमलं, काय फसलं?

रविवारी परळला भावाकडे २०१२चा 'ड्रेड' हा इंग्रजी सिनेमा तिसऱ्यांदा पाहिला. ड्रेड म्हणजे भविष्यातल्या शहरातला 'जज', पोलीस आणि न्यायाधीश एकातच. पुतण्या खिळून बसला, वहिनी मध्येच उठून पोळ्या करायला गेली. त्यावरून जेवताना जुंपली, म्हणून हा धागा. कुठे पाहिलात, काय आवडलं, काय खटकलं ते लिहा. माझ्यापुरतं सांगतो : ड्रेड झालेला कार्ल अर्बन शेवटपर्यंत हेल्मेट काढत नाही. नुसत्या हनुवटीवर अख्खा सिनेमा! १९९५च्या ड्रेडवरच्या सिनेमात स्टॅलोननं ते काढलं आणि माझ्यासाठी ड्रेड तिथेच संपला.

मानखुर्द : आम्ही प्रकल्पग्रस्तांच्या सात मजली इमारतीत, लिफ्ट गणपतीपासून बंद. सिनेमातली पीच ट्रीज, म्हणजे ड्रेड जिथे अडकतो ती इमारत, दोनशे मजली. आई म्हणाली, "अरे, यांचं पाणी कसं चढत असेल वर?" हसलो, पण माझी तक्रार तीच आहे. इमारतीला शटर लागल्यावर दाराआडची माणसं क्षणभर दिसतात, मग मशीनगननं मजलाच्या मजला चाळण होतो आणि गोष्ट पुढे. मेलेल्यांसाठी कुणी हळहळतसुद्धा नाही.

बोरिवली : लोकलमध्ये मोबाईलवर, जाता-येता दोन तुकड्यांत. शेजारचे काका दचकून खिडकीबाहेर बघायला लागले. 'स्लो-मो' हे सिनेमातलं ड्रग ओढल्यावर काळ शंभरपट संथ होतो ते प्रसंग थ्रीडीसाठी रचलेत, हातभर पडद्यावर काय कळणार! माझीच चूक.

मुलुंड : मी कॉमिकवाला. लेखक वॅगनर आणि चित्रकार एझकेरा यांचा कॉमिकमधला ड्रेड १९७७पासूनचा. त्यात हुकूमशाहीची जी टर उडवलेली असते, ती इथे जवळपास गायब. पकडायचं, शिक्षा ठोठवायची, जागीच मारायचं, सगळं एकाच माणसाकडे, आणि आपण शिट्ट्या मारतो. एन्काउंटरच्या बातमीवर नाक्यावर पेढे वाटलेले मी पाहिलेत, त्यामुळे मला त्या शिट्ट्या जरा जड गेल्या.

गिरगाव : मानखुर्दकर, ड्रेडसोबतच्या शिकाऊ जज अँडरसनला विसरलात. ती एका जखमी माणसाला शिक्षा म्हणून गोळी घालते. पुढे लपायला ज्या घरात शिरतात, ती बाई त्याचीच बायको निघते. भिंतीवरचा फोटो बघून अँडरसनचा चेहरा उतरतो. मी तिथे सिनेमा थांबवून चहा टाकला. शेवटी टोळीच्या त्या कॉम्प्युटरवाल्या पोराला ती सोडून देते, ते मला त्या फोटोमुळेच पटलं. लीना हेडीची मा-मा, म्हणजे टोळीची म्होरकी, थंड, जबरदस्त. पण आणखी दोन प्रसंग हवे होते तिला.

मानखुर्द : गिरगावकर, फोटो खरंच विसरलो होतो. आज परत बघतो. आईच्या पाण्याचं मात्र कुणीच सांगितलं नाही.