मदत हवी आहे: अर्जाच्या ईमेलमध्ये मराठी ओळी मध्येच तुटतात

मंडळी, आमच्या गावच्या वाचनालयाच्या वेबसाइटवर सभासदत्वाचा अर्ज आहे. पीएचपी या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिलेला; भरला की मजकूर साध्या ईमेलने ग्रंथपालांकडे जातो. इंग्रजीत भरलेले अर्ज व्यवस्थित येतात. मराठीत कुणी 'वाचनाची आवड' या रकान्यात सलग मोठा परिच्छेद लिहिला, की ओळ शब्दाच्या मधोमध तुटते आणि तिथे अक्षराऐवजी प्रश्नचिन्हाची चौकट दिसते. आजी-आजोबा मनापासून लिहितात हो, ते असं मोडून यावं हे बघवत नाही.

कारण बहुधा हे: ईमेलच्या नियमानुसार एक ओळ ९९८ बाइटपेक्षा लांब चालत नाही. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटांत साठवण्याच्या पद्धतीत) ३ बाइट घेतं. म्हणजे सव्वातीनशे-साडेतीनशे चिन्हांतच मर्यादा संपते आणि वाटेतला सर्व्हर बाइट मोजून कापतो.

पीएचपीचं 'वर्डरॅप' (ठरावीक लांबीनंतर शब्द न तोडता नवी ओळ पाडणारं फंक्शन) ७० वर लावून पाहिलं. अक्षरं शाबूत राहिली, पण तेही बाइटच मोजतं, त्यामुळे चार-पाच शब्दांनंतर नवी ओळ! मोबाइलवर अर्ज वाचवत नाही.

ईमेलचा मजकूर साध्या इंग्रजी अक्षर-अंकांत बदलून पाठवायच्या दोन पद्धती आहेत. आता मजकूर बेस६४ मध्ये पाठवावा की कोटेड-प्रिंटेबलमध्ये? दुसऱ्यात एकेका चिन्हाची ९ अक्षरं होतात, म्हणून माझा कल बेस६४ कडे आहे. पत्त्याच्या रकान्यात लोकांनी स्वतः पाडलेल्या ओळी मात्र तशाच राहायला हव्यात. मराठी मजकुरावर हे कुणी प्रत्यक्ष चालवलंय का? ईमेलच्या हेडरमध्ये (मजकुराआधीच्या तांत्रिक ओळींत) नेमकं काय लिहिलंत, तेवढं कृपया सांगा.